ढळत्या खांद्याचा धाकटा

अंगात ताप घेऊन उभ्या असलेल्या मुलीला तुम्ही घरी का जाऊ दिलं नाही?

हा प्रश्न मी त्या स्टुडिओतल्या प्रत्येकाला विचारला. मला तोंड नाही म्हणून कुणाला ऐकू गेला नसेल, असं तुम्ही म्हणाल. पण तिच्या बाबांनी तोच प्रश्न तोंडाने विचारला होता. त्यांनाही उत्तर मिळालं नाही. त्यांना पाणी मिळालं, काचेच्या ग्लासात, खाली बशी ठेवून.

मी एक पुतळा बोलतोय. कपडे बेतायला वापरतात तो, मानेपासून मांडीपर्यंतचा. डोकं नाही, हात नाहीत. दुकानाच्या काचेमागे नट्टापट्टा करून जे उभे असतात, ते माझे कोणी लागत नाहीत. त्यांना कारखान्यात साच्यातून काढतात. मला माझ्या ताईच्या अंगावरून काढलं.

ताई कपड्यांचं डिझाइन शिकायला लागली, तेव्हा संस्थेत सांगितलं की प्रत्येकाकडे घरी एक पुतळा हवाच. ती दुकानात गेली, किंमत ऐकली आणि ‘नंतर येते’ म्हणून जी बाहेर पडली ती परत गेली नाही. वर्गातल्या एका मैत्रिणीने तिला युक्ती सांगितली. जुना घट्ट टीशर्ट घालायचा, त्यावरून सगळ्या अंगाला खाकी चिकटपट्टी गुंडाळायची, मग मागून कापून ते कवच काढायचं आणि आत चिंध्या भरायच्या.

एका सुट्टीच्या दिवशी ती स्वयंपाकघरात मधोमध उभी राहिली आणि आई पट्टी गुंडाळू लागली.

“हलू नकोस गं, सुरकुत्या पडतायत.”

“आई, श्वास तरी घेऊ दे.”

“पोट आत घे जरा. बारीक दिसशील.”

“आणि मग कपडे कुणाच्या पोटावर बसवू? शेजारणीच्या?”

बाबा दारात उभे राहून बघत होते. त्यांचा धंदा सोफे आणि खुर्च्यांच्या गाद्या शिवायचा. ते म्हणाले, “सोफ्याला कव्हर घालताना सोफा एवढा आरडाओरडा करत नाही.”

“सोफ्याला गुदगुल्या होत नाहीत बाबा.”

बाबांनीच माझी पाठ कापली, तिला बाहेर काढलं, वाकड्या सुईने मला परत शिवलं आणि दुकानातल्या चिंध्या ठासून भरल्या. मोडक्या पंख्याच्या दांड्यावर मला बसवलं. आई लांब जाऊन बघत म्हणाली, “अगदी हुबेहूब तू.”

“मी नाही. हा माझा धाकटा,” ताई म्हणाली. “आजपासून घरातलं शेंडेफळ हाच.”

असा मी त्या घरात जन्मलो. मला शाळा नाही. जे काही कळतं ते ताई काम करता करता बोलायची त्यातून कळलेलं. तेव्हा बोलण्यात काही उणं-अधिक झालं तर सांभाळून घ्या. नाही घेतलंत तरी चालेल.

एक गोष्ट मात्र त्याच दिवशी सगळ्यांच्या लक्षात आली. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली होता. ताई चालती-बोलती असताना ते कधी कुणाला दिसलं नव्हतं. माझ्यावर ते लपेना. लहानपणापासून तिने बाबांच्या गाद्या उजव्या खांद्यावर टाकून लोकांच्या जिन्यांवरून वर नेल्या होत्या. बाबा माझ्या खांद्याकडे बघत राहिले आणि मग दुकानात निघून गेले.

शिक्षण संपलं आणि काम शोधणं सुरू झालं. रोज ती बाहेरून यायची, माझ्या छातीवरच्या टाचण्या काढायची आणि दिवसभराचं सांगायची. एका ठिकाणी तिच्या चित्रांची फाइल ठेवून घेतली आणि कॉफीच्या कपाचा गोल डाग पाडून परत दिली. एका ठिकाणी आधी तिच्या चपलांकडे पाहिलं आणि मग जागा भरली म्हणून सांगितलं. एका ठिकाणी विचारलं, तुला कुणी पाठवलं? कुणी नाही म्हटल्यावर त्यांना वाटलं ती चुकून आत आली.

“सगळ्यांना अनुभव हवाय धाकट्या. काम दिल्याशिवाय अनुभव येणार कुठून? बाबांच्या सोफ्यांचा लिहू का?”

“लिही की,” बाबा आतून म्हणाले. “माझा एकही सोफा अजून उसवला नाही.”

शेवटी एका नावाजलेल्या स्टुडिओने तिला परीक्षेसाठी एक ड्रेस करून आणायला सांगितलं. कापड तिचं, दोरा तिचा, डोकं तिचं. तिने कापड माझ्या अंगावर सोडलं आणि टाचण्या लावत लावत तिथेच घडवलं. मी खुशीत होतो. माझ्यावर तो ड्रेस इतका नीट बसला की आईने माझी दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली.

चूक कुणाच्याच लक्षात आली नाही. ताईने ड्रेस माझ्यावर बेतला होता, म्हणजे स्वतःवर बेतला होता. स्टुडिओतल्या सरळ खांद्यांच्या मॉडेलने तो घातला तेव्हा गळा एका बाजूला घसरला आणि घेर तिरका लोंबायला लागला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. स्टुडिओच्या मॅडम मात्र त्या मॉडेलभोवती हळूहळू फिरल्या आणि त्यांनी विचारलं, “हे मुद्दाम केलंयस?”

ताई म्हणाली, “हो.”

त्या संध्याकाळी तिने मला मिठी मारून घरभर फिरवलं. “धाकट्या, तुझा वाकडा खांदा मॅडमना आवडला रे.”

नोकरी मिळाली म्हणजे काय मिळालं, ते ऐका. तिला शिकाऊ म्हणून घेतलं. तिला हवं होतं ते एवढंच, की एक दिवस कायम व्हावं आणि आपण केलेल्या एखाद्या कपड्याखाली आपलं नाव छापून यावं. त्याऐवजी ती इस्त्री शिकली, बटणं रंगाप्रमाणे डब्यांत लावायला शिकली, जमिनीवर सांडलेल्या टाचण्या लोहचुंबकाने गोळा करायला शिकली. काही बोलायला गेली की मॅडम म्हणायच्या, “शिकायला मिळतंय ना? तुझ्यासारख्या पन्नासजणी दाराबाहेर उभ्या आहेत.” तिथे तिला सगळे ‘नवी’ म्हणायचे. ए नवी, कात्री दे. ए नवी, दार लाव. तिच्यानंतर दुसऱ्या मुली आल्या, त्यांना त्यांच्या नावाने हाक मारली जायची. ताई मरेपर्यंत नवीच राहिली.

मॅडमना तो ढळता खांदा पुन्हा पुन्हा हवा होता. त्यांच्या महागड्या पुतळ्यांवर तो जमेना. खांद्यावर कापूस चिकटवून पाहिला, तरी जमेना. मग त्यांनी ताईला विचारलं, “तू हे घरी कशावर करतेस?” आणि बाबांच्या टेम्पोत, एका सोफ्याच्या शेजारी बसून, मी स्टुडिओत गेलो. मला वाटलं, आता ताईचं नशीब उघडलं.

काही महिन्यांनी एका मासिकात ढळत्या खांद्याच्या ड्रेसचा फोटो आला. शेजारी मॅडमची मुलाखत. ‘हा ढळता खांदा मला समुद्राच्या लाटेवरून सुचला.’ लाट म्हणे. त्यांनी एकदा एक गादी खांद्यावर घेऊन चौथ्या मजल्यावर चढून दाखवावं, मग मी त्यांना लाट सांगतो.

ताईने ते वाचलं आणि मासिक मिटलं. घरचं तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं: आईने तो फोटो कापून कपाटावर चिकटवला होता आणि येईल त्याला दाखवत होती.

“तुझं नाव कुठे आहे गं यात?” शेजारच्या काकूंनी विचारलं.

“पुढच्या वेळी येईल काकू. शो झाला की कायम करणार आहेत मला.”

शो झाला की. दर वेळी तेच. एक शो झाला की दुसरा यायचा.

शेवटच्या शोच्या आधी तिला खोकला लागला. मग ताप आला. घरी सांगितलं तर घरचे अडवतील म्हणून ती गोळ्या घेऊन यायची आणि कुणी बघत नसलं की कपाळ माझ्या छातीला टेकवून उभी राहायची. तिच्या कपाळाच्या उष्णतेने माझ्या पट्टीचा डिंक सैल व्हायला लागला. माझ्या छातीवर अजून ती जागा फुगलेली आहे.

शोच्या आदल्या दुपारी तिने मॅडमना विचारलं, “मी आज लवकर जाऊ का? ताप आहे मला.”

मॅडम फोनवर होत्या. हाताने फोन झाकून म्हणाल्या, “तेवढा मागचा काठ दुमडून झाला की जा. तुझ्याशिवाय तो कुणाला जमणार आहे का?”

इतक्या दिवसांत तिला तिथे मिळालेलं हे एकच कौतुक. तेही तिला अडकवायला.

मला तिचाही राग येतो. दार तिथेच होतं. पिशवी खुंटीला होती. कात्री खाली ठेवून निघून जायचं, ज्याला गरज असेल तो काठ घालेल. पण ती गुडघ्यांवर बसली आणि माझ्याभोवती फिरत फिरत तिने सगळा काठ घातला. उठताना तिने माझ्या कमरेला धरलं, आणि कोसळली. मला हात नाहीत. ज्यांना होते त्यांच्याकडून मी ऐकलेलं पहिलं वाक्य असं होतं: “आधी ड्रेस सांभाळा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आले, तेव्हा मला कळलं की ती गेली. न्यूमोनिया होता. आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले होते. बाबा तिची पिशवी आणि मला न्यायला आले होते. त्यांनी तो प्रश्न विचारला, मॅडमनी ते बशीवरचं पाणी मागवलं आणि खिडकीबाहेर बघितलं.

मॅनेजर हळू आवाजात म्हणाला, “काका, पुतळा उद्यापर्यंत राहू दे. आज संध्याकाळी शो आहे. त्यावरचा ड्रेस काढला तर बेत बिघडेल.”

“माझी मुलगी राहिली का उद्यापर्यंत?” बाबा म्हणाले.

मग त्यांनी ड्रेस काढायला घेतला. मला वाटलं, आता टराटरा फाडतील. फाडा बाबा, मी म्हणत होतो, काठाला धरा आणि फाडा. पण त्यांनी एकेक टाचणी काढून डबीत ठेवली. ड्रेस हँगरला लावला, त्याची घडी हाताने सारखी केली. “हे तिचं काम आहे,” ते मॅनेजरला म्हणाले, “चुरगळू देऊ नका.” आणि त्यांनी मला खांद्यावर घेतलं. भर रस्त्यातून बाबा आपल्या मुलीचं धड खांद्यावर घेऊन चालले होते. लोक बाजूला होत होते.

शो झाला. सुरुवातीला सगळे क्षणभर शांत उभे राहिले म्हणे, ‘आमच्या टीममधल्या एका नव्या मुलीसाठी’.

आता मी बाबांच्या दुकानात मागच्या भिंतीला उभा असतो. माझ्या अंगावर चादर आहे, कारण आईला मी एकदम दिसलो की ती दचकते. दोनदा स्टुडिओचा माणूस आला. ढळता खांदा लोकांना अजून हवा आहे, आणि तो माझ्याशिवाय होत नाही. बाबांनी त्याला बसायलासुद्धा सांगितलं नाही. सोफ्यांच्या दुकानात.

या धंद्यात शिरायला निघालेल्या मुला-मुलींनो, मी तुम्हाला येऊ नका असं म्हणत नाही. ताईला हे काम जिवापाड आवडायचं, आणि ते काम चांगलंच आहे. पण कुणी तुम्हाला ‘शिकायला मिळतंय ना’ म्हणालं, तर विचारा, काय शिकवताय ते सांगा. केलेल्या कामाखाली नाव पहिल्याच दिवशी मागा. नाही म्हणाले तर चित्रांची फाइल उचला. आणि अंगात ताप असेल तर घरी जा. काठ अर्धा राहू दे. कुणाचाही शो असू दे. घरी जा.

त्या दिवशी बाबांनी मला घरी आणलं, तेव्हा आई ताईचं कपाट उघडून बसली होती. जे निघत होतं ते विटलेलं, नाहीतर कोपरावर विरलेलं. हॉस्पिटलमध्ये तिच्या अंगावरचे कपडे कापून काढले होते.

“दुसऱ्यांचे ड्रेस शिवत गेली,” आई म्हणाली. “मी तिला जुन्या कपड्यांत पाठवणार नाही.”

तिने ट्रंकेतून निळं कापड काढलं. ताई कायम झाली की द्यायचं म्हणून तिने ते आणून ठेवलं होतं.

बाबा म्हणाले, “अगं, आपल्याला फक्त सोफे शिवता येतात.”

“मग सोफ्यासारखंच शिवू. माप समोर उभं आहे.”

बाहेर माणसं जमली होती. आत बाबा जमिनीवर कापड पसरून कापत होते आणि आई तुकडे माझ्या अंगावर जोडत होती. तिच्या टाचण्या थेट आत घुसत होत्या. ताई मला कधी टोचू द्यायची नाही. आईला ते जमत नव्हतं.

“बाही केवढी ठेवू?” बाबांनी विचारलं. “याला तर हात नाहीत.”

“मनगटापर्यंत ठेवा. तिला थंडी वाजत होती.”

ड्रेस झाला. गळा बरोबर बसला, घेर सरळ आला. बाबा तो काढायला पुढे झाले, तर आईने त्यांना हाताने थांबवलं. तिने माझ्या पाठीमागे हात नेले, निळ्या कापडावर गाल टेकवला आणि सगळा भार माझ्यावर टाकला. दांडा करकरला. बाबा पकडायला धावले.

मी पडलो नाही. तिचं रडून होईपर्यंत मी तिला धरून उभा राहिलो.