पोफळ वाकते तेव्हा

"पोफळीशी लबाडी करू नको, पोरा. तिला तुझं वजन ठाऊक असतं."

मेलेल्या बापाचा आवाज शत्रुघ्नला शेंड्यापाशी ऐकू आला. सुपाऱ्या उतरवता उतरवता शेजारची पोफळ धरायला त्यानं झोका घेतला होता, पण अंगाखालची पोफळ करकरत भलतीच वाकली. खाली सुपाऱ्या वेचणारा काळूराम ओरडला,

"अरे, ती तुला दंडवत घालते की काय!"

वटारच्या त्या वाडीत सगळे हसले. शत्रुघ्नही हसला. उतरल्यावर मात्र तो त्या शेंड्याकडे पुन्हा पुन्हा पाहत राहिला.

त्या दिवसापासून त्यानं न्याहारीचा पाव सोडला, ताडी सोडली. शिदोरीतला अर्धा भात वाडीतल्या गाईपुढे जाऊ लागला. घरी रात्री ताटात भाताचा डोंगर व्हायचा, तो मुकाट संपवायचा. रेशनच्या सालांत त्याच्या बायकोनं, बायजानं, त्याला भात वाढून स्वतः पेजेवर दिवस काढले होते. आता तांदूळ रेशनमधून मोकळा झाला होता. तिच्या भरल्या हाताला नको कसं म्हणायचं?

पहाटे जात्यावर ती गायची,

पोफळी गं बाई, वाऱ्याला डुलू नको
कुंकवाचा धनी माझा, हातातून सोडू नको

एके सकाळी त्याच्या पाठीवर पाणी घालताना तिला करदोडा दिसला. तिनंच बांधलेला. तेव्हा बोट शिरत नव्हतं, आता मूठ जात होती. दुसऱ्या पहाटे जातं नुसतंच घरघरलं.

रात्री तो पानावर बसल्यावर तिनं विचारलं,

"अवो, खोकला येतो का?"

"नाय."

"थुंकीत रगत?"

"नाय गो. काय झालं तुला?"

"माझ्या बापाचा करदोडा असाच सैल झालेला. क्षयानं गेला तवा."

शत्रुघ्ननं मान खाली घातली.

"माझा भात गाय खाते. वाडीतली."

"गाय?"

"पोफळ वाकते माझ्यानं. वर भ्या वाटतं."

बायजा मटकन खाली बसली. पदर तोंडाला लावून ती हसते की रडते, त्याला कळेना.

"मेल्या गाईनं तरी सांगायचं मला!"

मग डोळे पुसून तिनं पळीभर भात वाढला. शेजारी अळूची भाजी, नेहमीपेक्षा जास्त. सवयीनं दुसरी पळी भरली आणि ती ताटावर धरून थांबली, त्याच्या तोंडाकडे पाहत.

शत्रुघ्ननं ताटावर हात आडवा धरला.

"पुरे," तो म्हणाला.