फाटकाचा मान

नवाब शम्सयार जंग मुंबईला राहायला गेल्यापासून टेकडीवरची त्यांची बुलंद मंझिल दावतींना आणि लग्नकार्यांना भाड्याने मिळू लागली होती. इमारतीबरोबर गालिचे, झुंबरं, नोकरचाकर आणि मंझिलीचा कारभार बघणारे दारोगा मीर इनायत अली हेही मिळत. दारोगा नको, असं म्हणायची सोय नव्हती.

सन १९३६च्या वैशाखात नल्लकुंट्याचे वकील नरहरपंत कळंबकर यांनी लेकीच्या, लीलाच्या लग्नासाठी मंझिल घेतली. मुहूर्त अकरा वाजून बारा मिनिटांचा. वरपक्ष पायथ्याच्या बंगल्यात उतरला होता.

साडेनऊला लीलाचे मामा वाजंत्री घेऊन वराला मांडवात आणायला खाली गेले. वराचे वडील राघवेंद्रराव धर्मापुरीकर हे निवृत्त तहसीलदार. त्यांनी मामांना चहा पाजून परत पाठवलं. मुलीचा बाप हयात असताना दुसऱ्याच्या बोलावण्यावर त्यांच्या घराण्यात आजवर कोणी उठलं नव्हतं. मग काका गेले. तेही चहा पिऊन परतले.

सव्वादहाला नरहरपंतांनी पगडी चढवली आणि स्वतः निघाले. त्यांचं एक पाऊल फाटकाबाहेर पडलं, तशी मागे गडबड उडाली. बिछायतीचे नोकर, फर्राश, गालिचे गुंडाळू लागले होते. गालिच्यांवर बसलेल्या पाहुण्यांना ते अदबीने उठवत होते. गुरुजींनी कलश छातीशी धरला होता.

“वकीलसाब, मेजबान फाटक के बाहर गया तो दावत खतम,” मीरसाब म्हणाले. “दस्तूर है.”

हा रिवाज नवाबसाहेब इथे राहत तेव्हापासूनचा. दावतीत ते कंटाळले, की काही न बोलता फाटकाबाहेर फिरायला जात. मग पाहुण्यांनी समजायचं आणि नोकरांनी आवरायचं. नरहरपंतांनी पाऊल आत घेतलं, गालिचे पुन्हा पसरले. मी बाहेर गेलो तरी गालिचे राहू देण्याचा हुकूम नोकरांना द्या, असं त्यांनी सांगून पाहिलं. नोकर तीस वर्षं फाटकाकडे बघून काम करतात, आपल्याकडे नव्हे, असं मीरसाबांनी कबूल केलं. पंतांनी दहा मिनिटं युक्तिवाद केला. मीरसाबांना प्रत्येक मुद्दा पटला. दस्तूर मात्र जिथल्या तिथे राहिला.

आतून शांताबाई, नरहरपंतांच्या पत्नी, आल्या. त्यांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“मीरसाब, यजमानानं फाटकाबाहेर जायचं नाही, एवढंच ना?”

“हौ, बाईसाब.”

“मग फाटक चालू द्या यांच्यापुढे.”

मीरसाबांनी दाढीवरून हात फिरवला. फाटक कुठे असावं, याबद्दल दस्तुरात काही नव्हतं.

फाटक लाकडी जाळीचं होतं. सहा जणांनी ते चौकटीसकट उचललं. पुढे वाजंत्री, मग फाटक, त्यामागे नरहरपंत आणि शेजारी मीरसाब, अशी मिरवणूक टेकडी उतरू लागली. वळणावर घाईत पंत पुढे सरकले, तेव्हा मीरसाबांनी त्यांची बाही धरली.

“फाटक के पीछे, वकीलसाब.”

राघवेंद्रराव ओसरीवर आले. शालीवरून रुसायचं त्यांनी योजून ठेवलं होतं, ते विसरून ते नुसते बघत राहिले. हे काय, असं त्यांनी हळूच विचारलं. दहा पंचावन्न झाले होते. नरहरपंतांनी उभ्या वकिलीतलं सर्वांत छोटं उत्तर दिलं.

“आपल्यासाठी आणलंय.”

रस्त्याच्या मधोमध फाटक उघडलं गेलं. दोन्ही बाजूंनी रस्ता मोकळा असताना वराकडची त्रेचाळीस माणसं एकामागून एक त्यातून आत आली. मीरसाबांनी प्रत्येकाला सलाम करून अत्तर लावलं. नवऱ्या मुलाचा घोडा बिचकला, म्हणून मुलगा उतरून चालत आला. वर जाताना फाटक सर्वांच्या मागे होतं. यजमान फाटकाच्या आतच राहायला हवा होता.

अकरा वाजून नऊ मिनिटांनी नवरदेव मांडवात पोहोचला. अक्षता वेळेवर पडल्या.

दुपारी पंगतीत राघवेंद्ररावांनी श्रीखंडाची वाटी बाजूला सारून व्याह्यांकडे मान झुकवली.

“पंत, एक सांगून ठेवतो. संध्याकाळी सुनेला घरी नेऊ, तेव्हा ते फाटक अंबरपेठेत आमच्या दारापर्यंत आलं पाहिजे. भावकीनं बघितलं पाहिजे.”

नरहरपंतांनी दाराशी उभ्या असलेल्या मीरसाबांकडे पाहिलं. मीरसाबांनी विचारलं, वाटेत चढ किती आहेत.