सासऱ्यांचं नाव

सकाळपासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एक तर पलीकडच्या शिखरावर ढग बसला होता, आणि वर माझे सासरे माझ्याच सहलीत आले होते.

"बघू तरी," आदल्या दिवशी ते म्हणाले होते, "सूनबाई परक्या लोकांना डोंगरात काय फिरवते ते. मग ठरवू, हे चालू ठेवायचं का चूल सांभाळायची." नवरा रशियात कामाला. त्याला फोन केला तर म्हणतो, "बाबा म्हणतील तसं." मोठा आलाय बाबांचा लाडका! मला हे काम सोडायचं नव्हतं. बर्फात सगळ्यांच्या पुढे चालताना मला जितकं मोकळं वाटतं, तितकं त्या घरात लग्न झाल्यापासून एकदाही वाटलेलं नाही.

डोंगरपायथ्याच्या नॅशनल पार्कच्या फाटकापाशी मी सगळ्यांच्या बुटांखाली, बर्फात पाय रुतू नयेत म्हणून, रुंद जाळीचे जोडे बांधून दिले. राजधानीतून, बिश्केकहून, आलेली दोन कुटुंबं होती, पोरंबाळं आणि दोन म्हातारे धरून. सासऱ्यांनी माझे प्लास्टिकचे जोडे पायानं बाजूला सारले.

"ही काय खेळणी?" त्यांनी स्वतःचे काढले, वाकवलेल्या फांद्यांचे, कातड्याच्या पट्ट्यांनी विणलेले. सगळा जन्म मेंढ्यांमागे गेलेला माणूस.

निघताना सर्वांत वडीलधाऱ्यानं तळवे उघडून वाटेसाठी दुआ द्यायची, अशी आमची रीत. त्यांनी दिली. पाहुण्यांना दिली, पोरांना दिली, खाली गाडीत झोपलेल्या ड्रायव्हरलासुद्धा दिली. मला नाही. सगळ्यांबरोबर मीही चेहऱ्यावरून हात फिरवले, पण आतून नुसती जळत होते.

"ओळ मोडायची नाही," मी बजावलं. "उजव्या हाताला घळ आहे. वरून बर्फ दिसतो, खाली काही नसतं. कुणी मागे राहिलं तर मी शिट्टी वाजवेन."

"शिट्टीनं कुत्रं येतं," सासरे म्हणाले.

घरात मी त्यांच्याकडे पाठ करत नाही, खोलीतून उलट्या पावली बाहेर पडते. इथे सकाळभर त्यांना माझी पाठच दिसत होती. ती टोचत होती मला, जणू डोळे तिथेच फुटले होते. दर दहा पावलांनी मी मागे वळून डोकी मोजायची. पोरं आपापल्या बापांना "बाबा, बाबा" करून भंडावत होती.

देवदारांखाली चहाला थांबलो आणि ढग खाली उतरला. हातभर अंतरावरचं दिसेना. मी हात लावून पुन्हा डोकी मोजली. सासरे नव्हते.

"ते होय? म्हणाले, मला जवळची वाट ठाऊक आहे," एक बाई म्हणाली. "उजवीकडे वळले."

उजवीकडे तर घळ! शिट्टी वाजवली. पुन्हा वाजवली. मग ओरडले, "बाबाऽऽ!"

"काय गं पोरी?" शेजारचे दोन्ही म्हातारे एकदम म्हणाले.

"तुम्ही नव्हे हो!" सकाळपासून शंभरदा बाबा ऐकलेला माणूस या बाबाला कशाला ओ देईल?

"नाव काय त्यांचं?" ती बाई म्हणाली. "आम्ही मारतो हाका."

आता हिला सांगायचं तरी ते तोंडातून काढावंच लागणार ना! आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही, बायको नवऱ्याचं घेत नाही. त्यांच्या नावाचा शेजारी आहे, त्यालाही मी 'कोपऱ्यावरचे काका' म्हणते. मी शिट्टीच पुन्हा ओठांत धरली. मग स्वतःचाच संताप आला. अगं बये, मान राखायला माणूस तर उरायला हवा!

"तोलोगोऽऽन!"

 मग खालून, घळीच्या अंगानं, आवाज आला. "कोण ते?"

"मी! बुरुलाय! पुढे पाऊल टाकू नका! आल्या पावली मागे फिरा!"

 मग, "पावलं दिसत नाहीत! पुन्हा घे नाव, आवाज धरून येतो!"

मी घेतलं. घेतच राहिले. आधी भीतीनं, मग रागानं. इतकी वर्षं गिळलेलं सगळं त्या एका नावातून बाहेर पडत होतं, आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं.

धुक्यातून ते आले तेव्हा एका जोड्याचं पुढचं टोक मोडलेलं होतं. मी मान खाली घातली.

"बहिरा नाही मी," ते म्हणाले. "इतक्यांदा कशाला?" पण उतरताना ते माझ्या मागे, माझ्याच पावलांत पाय ठेवून चालले.

संध्याकाळी घरी मी त्यांना चहा दिला. त्यांचे दोन पेले पिऊन झाले. मग त्यांनी तळवे उघडले. "उद्या वाटेला लागेल त्या माझ्या सुनेची वाट मोकळी असो," म्हणाले, आणि चेहऱ्यावरून हात फिरवले. मी कशीबशी उलट्या पावली स्वयंपाकघरात आले आणि रडले.

चुलीपाशी बसलेल्या सासूबाई जवळ सरकल्या. "हे सांगत होते. खरंच नाव घेतलंस? मोठ्यानं?"

"चुकलं माझं, आई."

"चुकलं का ते कुठं विचारतेय? कसं वाटलं ते सांग."

मी काही बोलायच्या आत त्यांनी किटलीच्या वाफेत तोंड घातलं आणि अगदी हळू म्हणून बघितलं, "तोलोगोन." मग जरा मोठ्यानं.

"कोण ते?" बाहेरून आवाज आला.

"मी," सासूबाई म्हणाल्या.