स्टुलाचं माप

बाबांना जाऊन पहिलाच हिवाळा होता. रविवारी दुपारी सगळे जेवायला बसले होते, तेव्हा आईने सूपमध्ये पाव बुडवता बुडवता सांगून टाकलं, "मी स्की शिकणार आहे."

धाकट्याचा चमचा हवेतच थांबला. थोरलीने आईकडे नीट पाहिलं. आई चेष्टा करते तेव्हा तिची उजवी भुवई किंचित वर जाते. भुवई जागच्या जागी होती.

"कुठे शिकणार?" धाकट्याने विचारलं. "गादीवर?"

"डोंगरावर. शनिवारी. बेकरीवाल्यांशी बोलणं झालंय माझं."

बेकरीवाले म्हणजे ह्याच इमारतीत तळमजल्यावर ज्यांची भट्टी होती ते. पन्नाशी उलटल्यावर बाबांच्या पायात स्की चढवल्या त्या त्यांनीच. तेव्हापासून हिवाळ्यातल्या दर शनिवारी हे दोघे बसने डोंगरावर जायचे. आईही जायची, पण तिची मजल पायथ्याच्या कॉफीच्या दुकानापर्यंत. खिडकीजवळचं टेबल, विणकाम आणि दिवसभर पुरवून प्यायलेली एक कॉफी.

"आई, तुझं वय काय, तू बोलतेस काय!"

"सत्तरी आलीय. बहिरी झालेले नाही. हळू बोल."

"अगं पण धोका किती आहे!"

"किती आहे?" आईने लगेच विचारलं. "स्टुलात सांग."

ह्यावर धाकट्याने चमचा खाली ठेवला, कारण आता घरचा कायदा लागू झाला होता.

बाबा विमा कंपनीत जोखीम मोजायचे. कोण कधी पडेल, कुठे काय जळेल, कुणाला किती हप्ता लावायचा, ह्यातच त्यांची हयात गेली. घरी येताना दुसरे लोक कामाची पिशवी आणतात, हे मोजणी आणायचे. पण कार्यालयातले दशांश पोरांना समजेनात, म्हणून त्यांनी घरापुरतं वेगळं माप काढलं. स्वयंपाकघरात एक लाकडी स्टूल होतं. त्याचा एक पाय आखूड, त्यामुळे ते डुगडुगायचं. त्यावर चढून आई वरच्या फळीवरचे डबे काढायची. आई त्यावर एकदा चढून सुखरूप उतरली, तर त्यात जेवढा धोका, तो एक स्टूल. सिग्नल बघून रस्ता ओलांडणं पाव स्टूल, न बघता ओलांडणं एक. ओल्या फरशीवर अंघोळ अर्धा. धाकट्याच्या शेजारी गाडीत बसणं दोन, आणि त्याचा फोन वाजला तर वर एक. दिवसभर स्की करणं, दोन स्टूल. खुर्चीत बसून पेपर वाचणं, शून्य. थोरलीने लग्न ठरवलं तेव्हा तिने हौसेने विचारलं होतं, "ह्याचे किती, बाबा?" बाबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाई, इथे आमची कंपनीसुद्धा हात वर करते."

"ताई, तू बोल ना," धाकटा म्हणाला. "तू रोज हाडं बघतेस."

"हो, तिलाच विचारायचंय," आई म्हणाली. तिने वाटी बाजूला सारली. "ह्यांच्यामागे घरात मोजणारी आता तूच. शुक्रवारपर्यंत सांग. तू नाही म्हणालीस तर मी जाणार नाही. पुन्हा विषयही काढणार नाही."

थोरली इस्पितळात एक्स-रे काढायची. आईने 'मी जाणारच' असा हट्ट धरला असता तर तिला सोपं गेलं असतं. भांडण करून मोकळी झाली असती. पण हे ओझं तिच्याच गळ्यात आलं.

आठवडाभर ती येणाऱ्या प्रत्येकाला विचारत राहिली, "कसं झालं?" खुब्याचं हाड मोडलेल्या आजी आल्या. एक न्हाणीघरात घसरली होती, एकीचा पाय सतरंजीत अडकला होता, एक मांजराला चुकवायला गेली आणि मांजर तिसऱ्याच बाजूला गेलं. बर्फावरून आले ते तरणे, मनगट नाहीतर गुडघा धरून, आणि पट्ट्या बांधून घेताना पुढच्या वेळचे बेत करणारे. स्कीवर पडलेली म्हातारी एकही आली नाही. थोरलीला क्षणभर हायसं वाटलं. मग बाबांचा आवाज आला, अगदी कान धरून बोलल्यासारखा: "किती जणी मोडून आल्या ते सांगू नकोस. किती जणी गेल्या होत्या ते सांग." अंघोळ सगळ्याच आजी करतात. स्की करायला कोण जातं? तिची सगळी चौकशी फुकट गेली. तरी तिला हसू आलं. मेलेल्या माणसाने चूक काढावी आणि ती बरोबर असावी, ह्यात कुठेतरी बरं वाटण्यासारखं होतं.

शेवटी तिने नाही म्हणायचं ठरवलं. आधीच एक माणूस गेलं होतं. आकडे काहीही म्हणोत.

गुरुवारी कामावरून ती थेट आईकडे गेली. दाराआड बाबांच्या स्की भिंतीला टेकून उभ्या होत्या, आईने त्या पुसलेल्या दिसत होत्या. आई स्वयंपाकघरात होती, स्टुलावर, दोन्ही हात वरच्या फळीत.

"उतर आधी!" म्हणत थोरलीने धावत जाऊन स्टूल धरलं. धरलं आणि थबकली. स्टूल हलत नव्हतं. तिने मुद्दाम दाबून पाहिलं. चारही पाय फरशीला चिकटल्यासारखे.

"हे डुगडुगत का नाही?"

आई डबा घेऊन खाली उतरली. सावकाश, ओट्याच्या कोपऱ्यावर हात ठेवून. "बस," म्हणाली. "तू शाळेत होतीस तेव्हाची गोष्ट आहे. मला भीती वाटायची त्याच्यावर चढायची. हे दौऱ्यावर होते, तेव्हा सुताराला बोलावून बाकीचे तीन पाय आखूड पायाच्या बरोबरीने कापून घेतले."

"आणि बाबांना सांगितलं नाहीस?"

"कसं सांगणार? स्टूल पक्कं झालं म्हणजे माप लहान झालं. माप लहान झालं की बाकी सगळ्याचे आकडे फुगणार. पुढे ते स्की करायला लागले, तेव्हा त्यांनी दोन स्टूल म्हणून सांगितलं आणि आनंदात निघाले. मी तोंड उघडलं असतं, तर दुसऱ्या दिवशी दोनाचे सात झाले असते. आणि तुझ्या बाबांना तू ओळखतेसच. आकडा न पटणारी गोष्ट त्यांनी केली नसती. स्की माळ्यावर गेल्या असत्या."

"मग तुला भीती नाही वाटायची?"

"वाटायची की. ते वर असले की माझ्या विणकामाचे टाके सुटायचे, ते स्वेटर घालून तू मोठी झालीस. पण ते परत यायचे तेव्हाचा चेहरा पाहिलायस ना? गाल लाल, नाक लाल, आणि दोन दिवस सगळ्यांशी गोड. तो माणूस मला हवा होता. म्हणून गप्प बसले."

थोरली स्टुलावरच बसली. आईने डबा उघडला, बिस्कीट तिच्यापुढे केलं.

"आणि खुर्चीला त्यांनी शून्य दिलं होतं," आई म्हणाली. एवढंच. बाबा त्याच खुर्चीत गेले होते, दुपारच्या उन्हात, पेपर मांडीवर घेऊन. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना कळलंसुद्धा नसेल.

थोरलीने बिस्किटाचा तुकडा मोडला. मग तिने विचारलं, "पण तुला कशाला शिकायचंय, आई? खरं सांग."

आईने डब्याचं झाकण लावलं. "उताराच्या शेवटी एक वळण आहे. तिथे आले की ते एक काठी उंच करायचे. मला कळावं म्हणून, की आता आलोच. मी खिडकीतून हात हलवायचे. इतकी वर्षं. पण मी त्यांना दिसायचे का, हे कधी विचारलंच नाही मी. काचेवर ऊन असायचं, आत अंधार. त्या वळणावर उभं राहून मला एकदा बघायचंय."

"म्हणजे वरपर्यंत नाही?"

"वर कशाला जाऊ? वर माझं कोण आहे? त्या वळणाच्या खालचा उतार शिकाऊंचाच आहे, बेकरीवाले म्हणाले."

थोरलीने मनातला नकार उचलला आणि ठेवायला जागा शोधू लागली. सापडली नाही.

"हेल्मेट घालायचं," ती म्हणाली. "शिकवणारी बाई सांगेल तेवढंच करायचं. आणि मी येणार."

"ये ना. कॉफी बरी असते तिथली."

शनिवारी बसमध्ये बेकरीवाले काका ताज्या पावाच्या वासासकट पुढच्या सीटवर बसले होते. पायथ्याला पोचल्यावर दुकानातली मुलगी आईच्या पायाला बूट बसवत होती आणि आई तिला दटावत होती, "अगं, पाय आहे तो, कणीक नाही." तेवढ्यात थोरलीने काकांना स्टुलाची गोष्ट सांगितली.

काका हसले नाहीत. टोपी काढून हातात धरली. "साहेबांना ठाऊक होतं ते."

"काय?"

"बल्ब बदलायला चढले होते. हात नेहमीपेक्षा दोन बोटं खाली राहिला. वाकून बघतात तर पाय कापलेले. मला बसमध्ये सांगितलं, ह्याच बसमध्ये. म्हणाले, 'हिने पाय बरोबर करून घेतले आणि मला बोलली नाही. आता मी बोललो तर आकडे बदलावे लागतील, आणि नवा आकडा ऐकून ती खिडकीत बसून काळजीने मरेल. जुना ऐकून निदान थोडी विणते तरी.' मी म्हटलं, साहेब, तुम्ही आकड्यात खोटं बोलताय? तर म्हणाले, 'घरातल्या आकड्यात. कंपनीच्या नाही.' आणि मग म्हणे, 'पण तेव्हापासून मी हळू उतरतो हं.' खरंच, वळणावर तर ते चालल्यासारखे यायचे. पोरं पुढे जायची, हसायची. हे आपले काठी वर करून."

थोरली खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. दोघांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली होती आणि त्या लपवण्यात दोघांचं चांगलं चाललं होतं. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं ते वेगळंच काहीतरी: आपण अशा घरात वाढलो, एवढंच पुन्हा पुन्हा मनात येत राहिलं.

ती कॉफीच्या दुकानात जाऊन आईच्या टेबलाशी बसली. काचेवर ऊन होतं. बर्फावर शिकवणारी बाई, तिच्यामागे काका आणि मध्ये आई, निळ्या हेल्मेटात, गुडघे वाकवून, चष्मा हरवलेल्या माणसासारखी इकडेतिकडे बघत. सरकत्या पट्ट्यावरून तिघं वर गेली. आई एकदा बसकण मारून पडली. थोरली खुर्चीतून अर्धी उठली. आई बर्फात बसल्या बसल्याच काहीतरी बोलली आणि बाई खो खो हसू लागली.

मग ती वळणावर पोचली. तिथे थांबली. फार वेळ थांबली. थोरलीला कळेना, दुखलं की काय. तिने हात उंच करून हलवला, दोन्ही हात हलवले, शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली तरी हलवत राहिली.

वळणावर एक काठी उंच झाली.

त्या काठीच्या भाराने आई एका बाजूला झुकली, काकांनी तिचा दंड धरला, आणि तशीच, चालल्यासारखी, ती खाली आली. दुकानाच्या दारात आली तेव्हा गाल लाल होते, नाक लाल होतं, आणि पापण्यांवर बर्फ.

"दिसतं," ती म्हणाली. "चेहरा दिसत नाही, पण हात दिसतो."

थोरलीने तिच्या हेल्मेटचा पट्टा सोडला. हाताला आईची हनुवटी गार लागली.

"किती स्टूल झाले?" तिने विचारलं.

"कुठल्या स्टुलाचे?" आई म्हणाली, आणि तिची उजवी भुवई किंचित वर गेली. "आधी कॉफी मागव. आणि तुला काका काहीतरी सांगत होते मघाशी, टोपी काढून. काय ते मलाही सांग. घरी जाताना, बसमध्ये."