माझ्या खड्ड्यात कोण उतरतं

मी खड्डामाग बोलतोय, जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला हातमाग, शहरातल्या नंदनवन भागाच्या मागल्या वस्तीतला. विणकर नानाजी माझ्या काठावर बसायचा, पाय खड्ड्यात सोडून पावड्या दाबायचा. लुगडी झकास निघायची. पण ते कौतुक इथंच पुरे.

नानाजी पिऊन आला की बायकोला, मैनाबाईला, हाती लागेल त्यानं मारायचा. मात्र त्या कोष्ट्याच्या घरात एक धाक होता. दारू प्यालेला माणूस मागाला शिवत नसे. मैनाबाईनं हे हेरलं. बाहेर सायकल आपटली की ती पोरीला माझ्यात ढकलायची, "उतर वं हर्षे, लवकर!" नानाजी काठाशी उभा राहून शिव्या घालायचा, पण पुढे यायचा नाही. थोरल्या पोराला, पंकजला, खड्ड्यात जागा नव्हती. तो भिंतीला टेकून बघायचा. पुढे पुढे बापासोबत हसायला लागला.

सगळं निवलं की मैनाबाई सुजल्या हातानं पोरीला वर ओढायची. "तुही काही चूक नाई वं."

आता हर्षा शहराच्या कडेला बेसाला राहते, दवाखान्यात नर्स आहे. मैनाबाई गेली. नानाजी पाहुण्यांना सांगतो, "मार पाहूनच पोट्टी मजबूत झाली!" साफ खोटं! मार पंकजनंही पाहिला होता. हर्षा उभी राहिली ती आईच्या त्या वाक्यावर.

पंकज मागावर कधी बसला नाही. त्याला माझा धाक नाही. आता तो मला बुजवून फरशी घालणार आहे. वाळू येऊन पडलीय. आज रविवार, हर्षा मला शेवटचं बघायला आली. तेवढ्यात दारात पंकजची गाडी थांबली. त्याची चिमुकली रुचिका खेळ टाकून माझ्यात उतरली. तिला कुणीच शिकवलं नव्हतं.

"आत्या, तू बी उतर ना. पप्पा आले."

हर्षा उतरली नाही. तिनं पोरीला उचलून कडेवर घेतलं.

"दादा, हे माह्यासंग बेसाले चालली."

"ने ना आजच्यापुरती. पण तुह्यासारखी मजबूत होऊन राहिली, तं काहून मधात येतं?"

"मी मारानं नाई झाली मजबूत. हिले परत आणत नाई मी."

पंकज हसला, थेट बापासारखा. "पोट्टी माही आहे, हर्षे. उद्या मीच येतो आणाले." हर्षा पोरीला कडेवर घेऊन बाहेर पडली.

मला खुशाल बुजवा. मी तिला वाचवू शकत नाही. पण भिंतीपलीकडच्यांनो, तुम्ही सगळं ऐकता आणि टीव्हीचा आवाज वाढवता. उद्या तो तिला घेऊन आला, तर या वेळी तरी दार वाजवा.