संगीतातच नोकरी

मी संगीत विशारद झालो तेव्हा बाबा म्हणाले, "गाऊन पोट भरत न्हाय. आपली गोडाऊनं सांभाळ."

मी ताडकन म्हणालो, "नोकरी करीन तर संगीतातच!"

मिळाली. वाद्यं ऑनलाइन विकणाऱ्या कंपनीत. तिचं गोडाऊन नेमकं बाबांनीच भाड्याने दिलेलं निघालं. आता मी दिवसभर पेट्यांच्या खोक्यांवर बारकोड चिकटवतो आणि बाबा धामणकर नाक्यावर भेटेल त्याला सांगतात, "आमचा भाविक संगीतातच हाय!"

काल राहवलं नाही. पॅकिंगआधी एका हार्मोनियमवर थोडा यमन वाजवला. हमालसुद्धा थांबून ऐकू लागले. सुपरवायझर धावत आला आणि त्याने पेटीवर लाल स्टिकर लावला : 'डॅमेज'.

"अहो, पेटी चांगली सुरात आहे!"

"वाजवली ना? मग खराब झाली."