नगं म्हणजे नगं

अश्विनीचं काम काय, असं कुणी विचारलं की मनकर्णाआजी सांगायच्या, "ह्या बाई आमच्या संसूला वळन लावत्यात."

अश्विनीला हे अजिबात पटत नसे. ती वर्तन-उपचाराचं शिकून आलेली. मूल अमुक एक गोष्ट का करतं, त्याआधी काय घडलेलं असतं, केल्यावर त्याला काय मिळतं, हे नीट बघायचं आणि मग त्रासाच्या सवयीच्या जागी एखादी सोपी, बिनत्रासाची रीत शिकवायची, असं तिचं काम. हे तिने आजींना एकदा चांगलं फोड करून सांगितलं. आजींनी सगळं मन लावून ऐकलं, मान डोलावली आणि शेजारच्या लंकाबाईला हाक मारून सांगितलं, "व्हय, वळनच की ते."

अश्विनीने नाद सोडला.

संसू म्हणजे संस्कृती, आजींची नात. एवढं जोडाक्षराचं नाव हौसेने ठेवलं आईबापांनी, पण आजींच्या तोंडात ते मावेना, म्हणून संसू. पोरगी सात वर्षांची, गोरीगोमटी, डोळे पाणीदार, पण बोलणं जवळजवळ नाहीच. तिला स्वमग्नता होती. एकटी असली की तासन्‌तास दारातल्या वाळूशी खेळायची, कुणाला काही त्रास नाही. पण अंगाला कुणी न विचारता हात लावला, ओढलं, बळजबरी केली, की चावायची. चावायची म्हणजे नुसते दात लावायची नाही. शाळेत लेझमीच्या रांगेत उभं करायला एका मॅडमनी तिला दंडाला धरून ओढलं, तर त्या मॅडम दोन आठवडे पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज घालून येत होत्या.

मग व्हायचं तेच झालं. बाकीचे पालक मुख्याध्यापक दरेकर सरांकडे गेले. दरेकर सर माणूस वाईट नव्हे, पण वैतागलेला. ते संसूच्या आईला, उर्मिलाला म्हणाले, "सध्या घरी ठेवा. दिवाळीनंतर मी स्वतः येऊन बघतो. चावणं थांबलं असेल तर दुसऱ्या दिवसापासून शाळा. नसेल, तर मात्र माझा नाइलाज आहे."

तेव्हा उर्मिलाने नगरहून अश्विनीला बोलावलं. संसूचा बाप रामहरी सुप्याला कंपनीत, कधी दिवसपाळी कधी रात्रपाळी, त्यामुळे घरचं सगळं या सासू-सुनेच्याच हातात. श्रीगोंद्याच्या अलीकडे रस्त्याला लागून त्यांची वस्ती. अश्विनी उसाच्या ट्रॉल्यांमागे स्कूटी रेटत, तोंडाला ओढणी गुंडाळून आठवड्यातून दोनदा यायची.

तिने बघितलं, तर गोम सरळ होती. पोरीला काही नको असलं की ते सांगायला तिच्याकडे दातांशिवाय दुसरं काही नव्हतं. तेव्हा तिला एक शब्द द्यायचा. नको. बस्स, एवढाच. संसूला चिकट कणकेचा मनापासून तिटकारा. अश्विनी कणकेचा गोळा लांबूनच दाखवायची, आपण 'नको' म्हणायची आणि लगेच गोळा मागे घ्यायची. बरेच दिवस काही नाही. आणि मग एकदा संसूने गोळ्याकडे बघून नाक मुरडलं आणि म्हणाली, "नगं."

अश्विनीने शिकवला होता 'नको', पोरीने उचलला घरातला 'नगं'. अश्विनीला काय, ती खूश. उर्मिला तर पदर तोंडाला लावून रडायला लागली. सात वर्षांत पोरीचा पहिला स्वतःचा शब्द, आणि तोही असा ठसक्यात.

त्यानंतर अश्विनीसमोर संसू एकदाही चावली नाही. सगळं कसं छान चाललं होतं. आणि दसऱ्याच्या दिवशी तिने आजीच्या हाताचा असा लचका तोडला, की आजींच्या तोंडचं पाणी पळालं.

अश्विनी पुढच्या खेपेला आली, तर मनकर्णाआजी हाताला हळद लावून ओट्यावर बसलेल्या.

"चांगलं वळन लावलं," आजी म्हणाल्या.

काय झालं ते उर्मिलाने सांगितलं. पंगत बसली होती. आजी पुरणपोळी वाढत होत्या. संसूच्या ताटात एक पोळी झाली, दुसरी झाली, आजी तिसरी वाढायला लागल्या. "तशी ती नगं म्हनत हुती ताई. दोन-तीन बारी म्हनली. हात बी आडवा धरला ताटावर. पन जेवताना नगं तर समदेच म्हनत्यात की."

हे बाकी खरं होतं. मनकर्णाआजींच्या पंगतीत 'नगं' या शब्दाचा अर्थ 'वाढा, पण मला खादाड समजू नका' असा होता. पाहुणा नगं म्हणायचा, आजी वाढायच्या. पाहुणा ताटावर आडवा पडायचा, आजी बोटांच्या फटीतून तूप सोडायच्या. उठताना तो म्हणायचा, लई आग्रह करता बुवा तुमी, आणि आजींचा चेहरा उजळायचा. साऱ्या पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं त्यासाठी.

तेवढ्यात उर्मिलाने चहाचा कप पुढे केला.

"नको, खरंच नको, आत्ताच घेऊन आलेय," अश्विनी सवयीने म्हणाली.

"घ्या वो, एवढुसा तर हाय," आजी ओट्यावरून रुसक्या आवाजात म्हणाल्या. राग असला म्हणून काय झालं, चहा सोडतात की काय.

अश्विनीने कप घेतला, घोट घेतला, आणि तिची नजर दारात बसलेल्या संसूकडे गेली. पोरगी टक लावून तिच्याकडेच बघत होती.

अश्विनीला तो घोट कडू लागला. अहो, ती आल्या दिवसापासून दर खेपेला हेच करत होती. नको म्हणायची आणि प्यायची. नको म्हणायची आणि पिशवीत शेंगा भरून घ्यायची. या घरात नको म्हणून खरोखर सुटका झालेला माणूस संसूने कधी बघितलाच नव्हता. शिकवणाऱ्या बाईंचाच शब्द पोकळ, तर तो पोरीच्या काय कामाचा? तिला स्वतःचीच लाज वाटली.

घरी जाऊन तिने अमृत सरांना फोन लावला. ते तिचे वरिष्ठ, तिच्या कामावर देखरेख त्यांची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हे बघ, चहाचं एवढं मनावर घेऊ नकोस. भेटवस्तू घ्यायची नाही हा आपला नियम, तो मिंधेपणा येऊ नये म्हणून. पण त्या घरात चहा नाकारलास, तर म्हातारी दार बंद करेल. मग पोरीचं काय?"

"आणि दरेकर सर येतील तेव्हा?"

"त्यात काय? मुठीत मनुका ठेव, तिच्या हाताला हात लावून ठोकळे रचून घे. मुलगी गोड दिसते, शांत बसते, सर खूश, शाळा पक्की. तुझं ते नको-बिको मग निवांत शिकव."

हे जमलं असतं. अश्विनीला ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर जीव वरखाली होत होता. मनुकांसाठी संसू बरंच काही सहन करायची. पण पोरीला सांगायचं की नको म्हण, मी ऐकेन, आणि नेमकी गरज पडेल त्या दिवशी आपणच ते कानाआड करायचं? आणि असं काही न करावं तर शाळा हातची जायची. शाळा अश्विनीची थोडीच जाणार होती, जाणार होती ती संसूची. दुसऱ्याच्या पोरीच्या जिवावर आपण तत्त्वं सांभाळतोय की काय, असंही तिच्या मनात येऊन गेलं. तिला त्या रात्री धड झोप लागली नाही.

शेवटी तिने ठरवलं ते असं. चहा नाकारायचा नाही आणि खोटंही बोलायचं नाही. पुढच्या खेपेला तिने कप समोर यायच्या आतच सांगून टाकलं, "आजी, मला चहा हवाय. अर्धा कप."

आजी गोंधळल्या. पाहुण्याने असं तोंडाने मागायचं असतं? तरी त्यांनी दिला. वर चिवड्याची ताटली ठेवली. अश्विनी म्हणाली, "हे नको."

"घ्या वो."

"नको आजी. खरंच नको. आजपासून मी हो म्हणेन तेव्हा हो आणि नको म्हणेन तेव्हा नको. तुम्हीही तसंच धरायचं. संसू बघतेय."

झालं. आजींनी ताटली उचलली आणि ज्या फुगल्या म्हणता. पुढचे कितीतरी दिवस त्या अश्विनीशी थेट बोलल्या नाहीत. समोर बसून सुनेला सांगायच्या, "त्यान्ला म्हनावं, पानी तरी चालतंय का आमच्या घरचं." अश्विनीला वाईट वाटायचं, कारण म्हातारी मायेची होती आणि तिला माया करायची हीच एक रीत येत होती.

पण एके दिवशी उर्मिला हसत हसत सांगायला आली. आजी संसूची वेणी घालायला बसल्या होत्या. पोरगी म्हणाली, नगं. आजींचा हात फणीसकट थांबला. शिव्या त्यांनी अश्विनीला घातल्या, पण फणी खाली ठेवली. थोड्या वेळाने संसू आपण होऊन आली, फणी उचलून आजीच्या हातात दिली आणि पाठ करून तिच्या पुढ्यात बसली. जन्मात असं झालं नव्हतं. रोज वेणीला दोघी-तिघींची झटापट व्हायची. आजींनी वेणी घातली.

दिवाळी झाली. दरेकर सर सकाळीच मोटारसायकलवर आले. आजींनी पहाटे उठून तूप सोडून रव्याचा शिरा केला होता, वास पार रस्त्यापर्यंत गेलेला. सर बाजेवर बसले आणि म्हणाले, "हं, चालू द्या."

अश्विनीने मनुका आणल्याच नव्हत्या. तिने ठोकळ्यांचा डबा संसूपुढे ठेवला. "संसू, रचू या?"

संसूने सरांकडे बघितलं, ठोकळ्यांकडे बघितलं. "नगं."

उर्मिलाने डोळेच मिटून घेतले. एकदा, फक्त एकदा हाताला हात लावला असता तर भागत होतं. तिने डबा बंद केला. "बरं. नको तर नको."

"अहो बाई, असं कसं?" सर हसले. "लाड करता तुम्ही. ये गं बाळ, इकडे ये, मला दाखव." आणि त्यांनी पुढे वाकून संसूचं मनगट धरलं.

संसूचं अंग ताठ झालं. मान खाली गेली. तिचं तोंड सरांच्या हातापासून वीतभरावर होतं. ती म्हणाली, "नगं."

सरांनी हात सोडला नाही. त्यांना ऐकू आलं नाही असं नव्हे, आपण सगळे सोडत नाही तसाच त्यांनी सोडला नाही. अश्विनीने बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधीच चुलीकडून आवाज आला.

"मास्तर, हात सोडा. ती नगं म्हनली."

मनकर्णाआजी शिऱ्याची ताटली घेऊन दारात उभ्या होत्या. आवाज चढा नव्हता, पण त्या आवाजाला उभ्या वस्तीत कुणी कधी उलट बोललं नव्हतं. सरांनी चटकन हात सोडला. संसूने आपलं मनगट चोळलं, त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि सावकाश चालत दारातल्या वाळूत जाऊन बसली.

सर आपला हात उलटापालटा करून बघत होते.

"चावली नाही," ते म्हणाले.

"कशाला चावंल?" आजी म्हणाल्या. "सोडला की तुमी."

"पण बाई," सर अश्विनीकडे वळले, "शाळेत असं नको म्हणून कसं चालायचं? मग अभ्यास कुणीच करणार नाही."

"करतील सर. नको म्हणजे कायमचं नको असं नसतं. आत्ता थांबायचं, मग पुन्हा विचारायचं, जरा वेगळं करून विचारायचं. पण आपलं ऐकलं गेलं, एवढं तिला कळलं पाहिजे. मी येईन सुरुवातीला शाळेत, मॅडमना दाखवीन." अश्विनी पुढे म्हणाली, "मला तिच्याकडून आज ठोकळे रचून घेता आले असते. पण ते खोटं झालं असतं."

सरांनी वाळूत खेळणाऱ्या संसूकडे बघितलं. मग म्हणाले, "उद्यापासून पाठवा. आणि तुम्ही याच. आमच्याकडे बरेच जण हे शिकायचे राहिलेत, त्यात मलाही धरा."

उर्मिलाने तिथूनच देवाला हात जोडले. अश्विनीचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत.

आजींनी शिऱ्याची ताटली सरांपुढे धरली. वरून तूप ओघळत होतं. सर घरून उपाशीच निघालेले, पण रीत ती रीत. ते हात जोडून म्हणाले, "नको नको आजी, आत्ताच खाऊन आलोय."

"बरं," असं म्हणून मनकर्णाआजी ताटली घेऊन आत चालू लागल्या.

सरांची नजर ताटलीमागे दारापर्यंत गेली. त्यांनी घसा खाकरला. "आजी, तसा थोडा... चालंल."

आजी उंबऱ्यात थांबल्या आणि वळल्या.

"मंग आदी व्हय म्हनायचं की, मास्तर."